अमेरिकेतील आरोग्य विमा आणि गर्भनिरोधनाचा खर्च : बिल शून्यावर ठेवण्याचा क्रम

अमेरिकेत बहुतेक खासगी आरोग्य विमा योजनांना स्त्रियांची गर्भनिरोधक साधने आणि त्यांसाठी लागणारी वैद्यकीय सेवा रुग्णाकडून एकही डॉलर न घेता द्यावी लागते. म्हणजे कोपे (दर भेटीला किंवा औषधाला द्यायची ठरावीक रक्कम) नाही, कोइन्शुरन्स (बिलातला टक्केवारीचा वाटा) नाही आणि डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला स्वतः भरायची रक्कम) पूर्ण होण्याची वाटही पाहायची नाही. 2010 च्या अफोर्डेबल केअर ॲक्टखालचे हे बंधन 1 ऑगस्ट 2012 पासून सुरू झालेल्या योजना-वर्षांना लागू आहे. तरीही तांबी बसवून घेतल्यावर काही आठवड्यांनी हजार डॉलरच्या घरातले बिल येते, आणि मग विमा कंपनीला पहिला फोन होतो. कायद्यातला शून्य आपोआप बिलावर उतरत नाही. योजनेचा प्रकार, निवडलेले साधन, नेटवर्क (योजनेशी करार असलेले डॉक्टर आणि दवाखाने) आणि क्लेमवर लिहिलेला कोड या चार गोष्टी जुळल्या तरच तो उतरतो, आणि या चारही गोष्टी डॉक्टरकडे जाण्याआधी तपासता येतात.

पुढील क्रम नोकरीच्या, विद्यापीठाच्या किंवा मार्केटप्लेसच्या (सरकारी विमा बाजाराच्या) विम्यावर असलेल्यांसाठी आहे. कोणते साधन घ्यावे हा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा असतो. येथे फक्त पैशांची बाजू पाहू.

## टप्पा 1 : आपली योजना कायद्याच्या कक्षेत येते का, ते आधी ठरवा

सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण हातात विम्याचे कार्ड असले म्हणजे विमा आहे असे आपण धरून चालतो.

भारतातून निघताना घेतलेला प्रवास विमा, सासू-सासऱ्यांसाठी घेतात तो व्हिजिटर इन्शुरन्स आणि काही महिन्यांसाठी मिळणारा शॉर्ट-टर्म विमा यांना हे बंधन लागू नाही. आजारपण आणि अपघात यांपुरतेच ते असतात. गर्भनिरोधनाचा खर्च त्यांत सहसा धरलेलाच नसतो. एफ-1 व्हिसावरील विद्यार्थ्यांनी विशेष काळजी घ्यावी. विद्यापीठाने विमा कंपनीमार्फत दिलेली विद्यार्थी योजना सर्वसाधारणपणे कायद्याच्या कक्षेत येते. पण पैसे वाचवण्यासाठी ती नाकारून बाहेरून स्वस्त योजना घेतली असेल, तर तिच्यात गर्भनिरोधन वगळलेले असण्याची शक्यता मोठी असते. वाचलेला हप्ता आणि एका तांबीचा खर्च यांची तुलना योजना नाकारण्याआधी करावी.

नोकरीच्या विम्याबाबत एचआरला तीन प्रश्न विचारावेत, आणि शक्यतो ईमेलने विचारावेत, म्हणजे उत्तर लेखी राहते.

पहिला प्रश्न : योजना ‘ग्रँडफादर्ड’ आहे का? 23 मार्च 2010 रोजी अस्तित्वात असलेल्या आणि तेव्हापासून फारशा न बदललेल्या योजनांना हे बंधन लागू नाही. अशा योजना आता थोड्या उरल्या आहेत, पण संपलेल्या नाहीत. योजनेच्या कागदपत्रांत तसे नमूद करणे बंधनकारक असल्यामुळे उत्तर लगेच मिळते.

दुसरा प्रश्न : कंपनीने धार्मिक किंवा नैतिक कारणावरून गर्भनिरोधन वगळले आहे का? 2014 च्या हॉबी लॉबी निकालानंतर (सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक मालकांच्या खासगी कंपनीला सूट दिली तो) आणि 2018 च्या नियमांनंतर ही सवलत चर्चपुरती राहिली नाही; धार्मिक रुग्णालये, विद्यापीठे आणि काही खासगी कंपन्याही ती घेऊ लागल्या. हा वाद पुन्हा पुन्हा न्यायालयात जातो, त्यामुळे ऐकीव माहितीवर विसंबू नये. काही ठिकाणी मालक पैसे देत नाही, पण विमा कंपनी स्वतंत्रपणे देते आणि त्यासाठी वेगळे कार्ड पाठवते; एचआरचे उत्तर ‘हो, वगळले आहे’ असे आले तरी ही सोय आहे का, ते विचारावे.

तिसरा प्रश्न : योजना ‘फुली इन्शुअर्ड’ (क्लेमचे पैसे विमा कंपनी देते ती) आहे की ‘सेल्फ-फंडेड’? मोठ्या कंपन्या बहुधा कर्मचाऱ्यांचे क्लेम स्वतःच्या पैशांतून भागवतात आणि कार्डावर नाव असलेली विमा कंपनी केवळ व्यवहार पाहते. अशा सेल्फ-फंडेड योजनांना केंद्राचा कायदा लागू असतो, राज्याचा विमा कायदा नाही. कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीला एकदम बारा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या आणि त्याच शहरात आपल्याला तीनच महिन्यांच्या मिळतात, याचे कारण बहुधा येथे सापडते.

सावधान : लग्न झाल्यावर जोडीदाराचे नाव नोकरीच्या विम्यात घालण्यासाठी किमान 30 दिवसांची मुदत मिळते, आणि ती लग्नाच्या तारखेपासून मोजली जाते. लग्न भारतात होते, एच-4 या जोडीदाराच्या व्हिसाला चार-सहा महिने लागतात आणि मुलगी अमेरिकेत उतरेपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. अमेरिकेत येणे हीदेखील बदलाची घटना म्हणून कंपनी मान्य करते का, हे लग्नाआधीच एचआरकडून लेखी घ्यावे. नाहीतर पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदा येणाऱ्या नोंदणीच्या काळापर्यंत) विम्याविना राहावे लागते. कायदेशीर व्हिसावर असलेल्यांना मार्केटप्लेसमधून विमा घेता येतो, पण त्याच्याही मुदती आहेत.

## टप्पा 2 : भारतात जे चालू होते त्याची नीट नोंद करा

अमेरिकेतील डॉक्टरला भारतीय ब्रँडनाव सांगून काही उपयोग होत नाही. गोळ्यांचे रिकामे पाकीट जपून आणावे आणि घटक व त्यांचे प्रमाण दाखवावे. माला-डीचे उदाहरण घ्या : तिच्या हार्मोन असलेल्या गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल 0.15 मिलिग्रॅम आणि इथिनिलएस्ट्राडिऑल 0.03 मिलिग्रॅम असते, आणि उरलेल्या सात गोळ्या लोहाच्या असतात. हेच हार्मोन याच प्रमाणात असलेल्या जेनेरिक गोळ्या अमेरिकेत मिळतात आणि जेनेरिक असल्यामुळे शून्य खर्चात बसण्याचा संभव अधिक असतो.

‘छाया’ किंवा ‘सहेली’ या नावाने मिळणारी आठवड्याची गोळी मात्र अमेरिकेत मान्यताप्राप्त नाही. ती घेणाऱ्यांनी साठा संपण्याची वाट न पाहता पर्यायाबद्दल आधीच बोलून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ म्हणून दिले जाणारे तीन महिन्यांचे इंजेक्शन येथेही आहे. मागचा डोस कोणत्या तारखेला घेतला, तेवढे लेखी हवे.

तांबी भारतात बसवली असेल तर तिचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि कधीपर्यंत चालेल याची नोंद असलेले कार्ड आणावे. ती काढणे हीदेखील गर्भनिरोधनाचीच सेवा आहे, त्यामुळे कक्षेतील योजनेत ती नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे शून्य खर्चात व्हायला हवी. ‘बसवली तिकडे, मग काढायचे पैसे इकडे द्यावे लागणारच’ असा समज सर्रास आहे, आणि तो चुकीचा आहे.

## टप्पा 3 : साधन योजनेच्या औषधयादीत शोधा

कायद्यानुसार योजनेने गर्भनिरोधनाच्या प्रत्येक प्रकारातील किमान एक साधन शून्य खर्चात द्यायचे असते. प्रत्येक ब्रँड द्यावा असे कायदा म्हणत नाही, आणि येथेच लोक फसतात. हार्मोनची तांबी हा एक प्रकार आहे. त्यात मिरेना, लिलेटा, कायलीना, स्कायला असे ब्रँड येतात. योजनेने यांपैकी लिलेटा निवडली असेल आणि डॉक्टरने सवयीने मिरेना बसवली, तर विमा असूनही पैसे भरावे लागू शकतात. गोळ्यांचेही तसेच : जेनेरिक शून्याला, आणि तीच गोळी ब्रँडनावाने घेतली तर कोपे.

विमा कंपनीच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म्युलरी’ नावाची औषधयादी असते, आणि बऱ्याचदा ‘प्रिव्हेन्टिव्ह ड्रग लिस्ट’ अशी वेगळी यादीही असते. दोन्ही उतरवून घ्याव्यात आणि त्यांवरचे वर्ष तपासावे, कारण जानेवारीत यादी बदलते. गेल्या वर्षी शून्याला मिळालेली गोळी यंदा अचानक तीस डॉलरला पडते ती यामुळे.

यादीतले साधन तुमच्या प्रकृतीला चालत नसेल, तर सवलतीचा एक मार्ग आहे. ठरावीक साधनच वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे असे डॉक्टरने कळवले, तर योजनेने डॉक्टरचा निर्णय मानून ते शून्य खर्चात द्यायचे असते. यासाठीचा अर्ज ‘एक्सेप्शन रिक्वेस्ट’ नावाने मागावा. तो साधन घेण्याआधी करायचा. नंतर केला तर ते अपील होते आणि वेळ कितीतरी अधिक जातो.

तपासा : साधनाचे नेमके नाव, ते यादीत आहे का, आणि नसेल तर त्याच प्रकारातले कोणते आहे, एवढे कागदावर उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

## टप्पा 4 : विमा कंपनीला फोन, पण कोड हाताशी ठेवून

‘तांबी कव्हर होते का?’ असे विचारले की पलीकडून ‘हो’ येते. ‘कव्हर्ड’ म्हणजे फुकट नव्हे. डिडक्टिबल लावूनही सेवा कव्हर्ड असू शकते. विचारायचे ते ‘झिरो कॉस्ट शेअर’ आहे का, आणि तेही कोड सांगून.

कोड क्लिनिकच्या बिलिंग विभागाकडून मागवावेत. ते मागणे वावगे समजले जात नाही. सर्वसाधारणपणे तांबी बसवण्याचा प्रक्रिया-कोड 58300 आणि काढण्याचा 58301 असतो. साधनाचा कोड निराळा : मिरेनासाठी जे 7298, लिलेटासाठी जे 7297, पॅरागार्ड या तांब्याच्या तांबीसाठी जे 7300. दंडात बसवायच्या नेक्सप्लानॉन या कांडीसाठी साधनाचा कोड जे 7307 आणि बसवण्याचा 11981. यांच्या जोडीला निदानाचा कोड लागतो. तांबी बसवण्यासाठी तो झेड 30.430 असतो.

फोनवर या क्रमाने विचारावे : हा प्रक्रिया-कोड या निदान-कोडसह प्रिव्हेन्टिव्ह म्हणून शून्य खर्चात आहे का, साधनाचा कोड शून्य खर्चात आहे का, साधन ‘मेडिकल बेनिफिट’मधून येते की ‘फार्मसी बेनिफिट’मधून, पूर्वपरवानगी लागते का, आणि अमुक डॉक्टर अमुक पत्त्यावर नेटवर्कमध्ये आहे का. यातला मेडिकल-फार्मसीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण महाग पडतो. काही योजनांत क्लिनिक स्वतःकडची तांबी बसवून बिल लावते. काहींत ती विमा कंपनीने ठरवलेल्या स्पेशालिटी फार्मसीतूनच मागवावी लागते. योजना दुसऱ्या प्रकारची असताना क्लिनिकने कपाटातली तांबी वापरली, तर प्रक्रियेचे पैसे मिळतात आणि हजार डॉलरहून अधिक किमतीच्या साधनाचे अडकतात.

तपासा : बोलणाऱ्या प्रतिनिधीचे नाव, तारीख, वेळ आणि ‘कॉल रेफरन्स नंबर’ लिहून घ्या. पुढे अपिलात हा नंबर कामी येतो.

## टप्पा 5 : डॉक्टरची भेट, एका भेटीत एकच काम

आपल्याकडे एकदा डॉक्टरकडे गेले की गुडघ्यापासून केसगळतीपर्यंत सगळे विचारून घ्यायची पद्धत आहे. येथे ती खिशाला लागते. भेटीचा मुख्य हेतू गर्भनिरोधन असेल, तर त्या भेटीसाठी पैसे लावता येत नाहीत. मात्र त्याच भेटीत डोकेदुखीची तपासणी झाली, तर डॉक्टर 99213 सारखा साध्या भेटीचा वेगळा कोड लावू शकतो, आणि त्यावर कोपे किंवा डिडक्टिबल लागते. दुसरी तक्रार असेल तर वेगळी वेळ घ्यावी.

त्याहून अवघड प्रश्न निदानाच्या कोडचा. आपल्याकडच्या अनेक बायका हार्मोनची तांबी पाळीतल्या अतिरक्तस्रावासाठी बसवून घेतात. डॉक्टरने निदान म्हणून केवळ अतिरक्तस्रावाचा कोड लावला, तर विमा कंपनीच्या लेखी तो उपचार ठरतो आणि डिडक्टिबल सुरू होते. गर्भनिरोधन हाही तुमचा खरा हेतू असेल, तर तो डॉक्टरला स्पष्ट सांगावा आणि नोंदीत लिहिला जाईल असे पाहावे. हेतू नसताना कोड बदलून मागणे हा गैरव्यवहार आहे. चांगला डॉक्टर ते करणार नाही आणि कोणी करूही नये.

तांबी बसवण्याआधीची गर्भधारणा चाचणी आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी भूल हे गर्भनिरोधनाचेच भाग आहेत. क्लिनिक ते स्वतंत्र ओळीत लावते, आणि नेमक्या त्या ओळी बिलात अडकतात.

दुसऱ्या बाळंतपणातच स्त्री-नसबंदी उरकून घेण्याचा विचार असेल, तर डॉक्टरबरोबर रुग्णालयही तपासावे. कॅथलिक व्यवस्थापनाची रुग्णालये सहसा ही शस्त्रक्रिया करत नाहीत, विमा कितीही चांगला असला तरी. हे आठव्या महिन्यात कळले तर डॉक्टर बदलण्याची धावपळ होते. पहिल्याच भेटीत विचारावे. नसबंदीचा भाग शून्य खर्चात असतो, बाळंतपणाचा नाही. एकत्र बिलात दोन्हींची सरमिसळ झाली आहे का, ते पाहावे.

## टप्पा 6 : औषध दुकानात

गोळी, पॅच, रिंग घेताना दुकान नेटवर्कमध्ये हवे आणि प्रिस्क्रिप्शनवर जेनेरिक चालेल असे असावे. काउंटरवर रक्कम दिसली तर पैसे भरून घरी येऊ नये. ती का लागली ते तिथेच विचारावे. बहुतेक वेळा ब्रँड दिला गेलेला असतो किंवा मुदतीआधी रिफिल मागितलेले असते. भारतात सुटीला जायचे असेल तर ‘व्हेकेशन ओव्हरराइड’ मागता येते, म्हणजे पुढच्या महिन्याच्या गोळ्या आधी मिळतात.

ओपिल ही प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारी रोजची गोळी जुलै 2023 मध्ये मान्य झाली आणि मार्च 2024 पासून दुकानांत आली. एका महिन्याच्या पाकिटाची उत्पादकाने सुचवलेली किंमत 19.99 डॉलर होती. तातडीची गोळीही अशीच सरळ मिळते. पण प्रिस्क्रिप्शनशिवाय घेतलेल्या वस्तूचे पैसे देणे केंद्रीय नियमांनुसार योजनेवर बंधनकारक नाही. शून्य खर्चात हवी असेल तर डॉक्टरकडून प्रिस्क्रिप्शन घ्यावे आणि ती फार्मसीच्या खिडकीवर विम्यासह घ्यावी, बाहेरच्या फडताळावरून उचलून नव्हे.

## पुरुष-नसबंदी : येथे नियम वेगळा

घरात विचार ठरतो की शस्त्रक्रिया नवऱ्याने करून घ्यावी, कारण ती सोपी आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते खरे आहे. विम्याच्या हिशेबाने उलटे. केंद्राचे बंधन स्त्रियांच्या साधनांपुरते आहे, त्यामुळे पुरुष-नसबंदीला सामान्य शस्त्रक्रियेप्रमाणे डिडक्टिबल लागू शकते. कॅलिफोर्निया, इलिनॉय, मेरीलँड, ऑरेगन, व्हर्मॉन्ट, वॉशिंग्टन अशा काही राज्यांनी फुली इन्शुअर्ड योजनांना हीही शून्य खर्चात द्यायला लावली आहे. तेथेही एचएसए (आरोग्य खर्चासाठीचे करसवलतीचे बचत) खाते जोडलेल्या हाय-डिडक्टिबल योजनेत आधी डिडक्टिबल भरावे लागते, कारण केंद्राचा कर विभाग पुरुष-नसबंदीला प्रतिबंधात्मक सेवा मानत नाही. अशी योजना असेल तर वर्षाचे डिडक्टिबल आधीच भरून झालेले असताना, म्हणजे बहुधा वर्षाअखेरीस, तारीख घेणे स्वस्त पडते.

## विमा नसेल किंवा गोपनीयता हवी असेल

‘टायटल टेन’ या केंद्रीय कार्यक्रमाखालच्या कुटुंब नियोजन दवाखान्यांत उत्पन्नानुसार शुल्क आकारतात, आणि दारिद्र्यरेषेच्या आत उत्पन्न असेल तर काहीच नाही. विमा सुरू होण्याआधीचे मधले दोन-तीन महिने निभावायला हा मार्ग पुरेसा आहे.

आईवडिलांच्या विम्यावर 26 वर्षांपर्यंत राहणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट महत्त्वाची. खर्च शून्य असला तरी ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ म्हणजे ईओबी हे पत्रक विमाधारकाच्या नावाने घरी जाऊ शकते. विमा कंपनीकडे ‘कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन’ची लेखी विनंती करून ते स्वतःच्या ईमेलवर किंवा पत्त्यावर मागवता येते. ही विनंती भेटीआधी नोंदली गेलेली हवी.

## टप्पा 7 : ईओबी वाचा, मगच बिल भरा

ईओबी म्हणजे बिल नव्हे. विमा कंपनीने प्रत्येक ओळीचे काय केले ते त्यात असते, आणि क्लिनिकचे बिल त्याच्याशी जुळवूनच पाहायचे. तांबी बसवल्यानंतरच्या ईओबीत साधारण अशा ओळी दिसतात : 58300 बसवणे, जे 7298 साधन, 81025 लघवीची गर्भधारणा चाचणी, आणि कधी 99213 भेट. शेवटच्या ‘युअर रिस्पॉन्सिबिलिटी’ रकान्यात प्रत्येक ओळीपुढे शून्य हवा. समजा पहिल्या दोन ओळींपुढे शून्य आणि चाचणीपुढे 22 डॉलर आहेत, तर रक्कम लहान म्हणून भरून टाकू नये. ती ओळ प्रतिबंधात्मक म्हणून नोंदली गेलेली नाही एवढेच त्याचे कारण असते.

पहिला फोन क्लिनिकच्या बिलिंगला करावा. निदानाचा कोड चुकला असेल किंवा प्रतिबंधात्मक सेवा दाखवणारा ‘मॉडिफायर 33’ राहिला असेल, तर ते क्लेम दुरुस्त करून पुन्हा पाठवतात आणि बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. कोड बरोबर असूनही विमा कंपनीने पैसे लावले असतील तर अंतर्गत अपील करावे. नकार मिळाल्यापासून त्यासाठी 180 दिवस मिळतात. अपिलात ईओबीची प्रत, टप्पा 4 मधला रेफरन्स नंबर, औषधयादीचे संबंधित पान आणि गरज असल्यास डॉक्टरचे पत्र जोडावे. तेही फेटाळले गेले, तर वैद्यकीय आवश्यकतेसारख्या मुद्द्यांवर स्वतंत्र बाह्य तपासणी मागता येते. तिची मुदत अंतिम नकारापासून चार महिन्यांची असते.

तक्रार कोठे करायची हे टप्पा 1 मधल्या तिसऱ्या उत्तरावर ठरते. सेल्फ-फंडेड योजनेची तक्रार केंद्रीय श्रम खात्याच्या एम्प्लॉयी बेनिफिट्स सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनकडे जाते, फुली इन्शुअर्ड योजनेची राज्याच्या विमा विभागाकडे. चुकीच्या दारी गेलात तर ते तुम्हाला दुसऱ्या दाराकडे पाठवतात, आणि मुदत मात्र चालूच राहते.

सावधान : अपील विमा कंपनीकडे चालू असते तेव्हा क्लिनिकला त्याची कल्पना नसते. अपील पाठवले त्याच दिवशी क्लिनिकला लेखी कळवून खाते ‘होल्ड’वर ठेवायला सांगावे, नाहीतर निकाल तुमच्या बाजूने लागेपर्यंत बिल कलेक्शन एजन्सीकडे गेलेले असू शकते.